बी. फार्म. महाराष्ट्रात, नोंदणी ब्रिटनमध्ये: कशानंतर काय करायचं

प्रश्न असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीचं बी. फार्म. नुकतंच पूर्ण झालं आहे. लग्न ठरलंय, होणारा नवरा मँचेस्टरला वर्क व्हिसावर नोकरी करतो. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी तिने अजून केलेली नाही, कारण घरचे म्हणतात, "तिकडेच जायचंय, मग इथलं रजिस्ट्रेशन कशाला?" उरलेलं ट्रेनिंग तिकडे करून थेट तिकडचीच नोंदणी मिळेल का, आणि एक नातेवाईक म्हणतात तसं कॅनडा जास्त सोपं आहे का, हे तिला जाणून घ्यायचं आहे.

मी स्वतः महाराष्ट्रातून बी. फार्म. करून आले, इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मसीत काम करते आणि प्रशिक्षणार्थींना शिकवते. त्यामुळे उत्तर ब्रिटनबद्दल सविस्तर देते, बाकी देशांबद्दल थोडक्यात.

सगळ्यात आधी: महाराष्ट्रातली नोंदणी करा, आणि विमानात बसण्यापूर्वी करा. बाकी सल्ले मागेपुढे झाले तरी चालतील, हा नाही.

त्याचं कारण समजून घ्या. आपल्याकडे पदवी, प्रशिक्षण आणि नोंदणी या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की वेगळ्या जाणवतच नाहीत. फार्मसी कायदा १९४८ चा. त्याखाली मान्यताप्राप्त कॉलेजातून बी. फार्म. झालं की राज्य कौन्सिलकडे अर्ज करायचा, कागद तपासले जातात, नाव रजिस्टरवर चढतं. डी. फार्म.ला, म्हणजे डिप्लोम्याला, ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. बी. फार्म.ला सातव्या सत्रात १५० तासांचं प्रॅक्टिस स्कूल आहे, आणि तेही बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्याच इमारतीत पार पडतं. पदवीनंतर वेगळं वर्षभराचं प्रशिक्षण नाही, परवान्याची वेगळी परीक्षाही नाही. म्हणजे भारताच्या हिशोबाने तुमचं काही "उरलेलं ट्रेनिंग" नाहीच. तुम्ही आजच नोंदणीला पात्र आहात.

ब्रिटनमध्ये या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. तिथला विद्यार्थी चार वर्षांचं एम. फार्म. करतो (नाव तेच असलं तरी ती तिथली पहिली पदवी), मग ५२ आठवड्यांचं सशुल्क नव्हे तर पगारी प्रशिक्षण, मग नोंदणीची परीक्षा, आणि मगच फार्मासिस्ट. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांचं रजिस्टर जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे, म्हणजे जीपीएचसीकडे असतं. उत्तर आयर्लंडची संस्था वेगळी. परदेशी फार्मासिस्टकडून जीपीएचसीला पहिली अपेक्षा ही असते की जिथे शिकलात किंवा शेवटचं काम केलंत त्या देशात तुम्ही फार्मासिस्ट म्हणून काम करायला पात्र असावं. राज्य कौन्सिलची नोंदणी हा त्याचा सरळ, वाद न होणारा पुरावा. पुढे 'गुड स्टँडिंग'चं पत्र लागतं, म्हणजे या व्यक्तीवर कारवाई झालेली नाही असं कौन्सिलने लिहून देणं. ज्या कौन्सिलच्या रजिस्टरवर नावच नाही ती कौन्सिल काय लिहून देणार? मग मँचेस्टरला बसून मुंबईत कागद फिरवत राहावं लागतं, आणि वडिलांच्या फेऱ्या होतात त्या वेगळ्याच.

आता कागदांबद्दल. मराठी घरांतल्या मुलींचे अर्ज सगळ्यात जास्त इथेच अडकलेले मी पाहिले आहेत.

आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीच्या कागदांवर आईचंही नाव जोडलेलं असतं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलतं. परदेशातल्या कारकुनाच्या दृष्टीने ही तीन वेगळ्या बायकांची कागदपत्रं असतात. नाव बदलायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे, कायद्याने सक्ती नाही. पण अर्जांचा प्रवास संपेपर्यंत पासपोर्टवरचं माहेरचं नाव तसंच ठेवलंत तर निम्मा त्रास वाचतो. बदलायचंच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नाव बदलाची नोंद या दोन्ही गोष्टी हाताशी ठेवा, आणि कौन्सिलच्या रजिस्टरवरही नवं नाव चढवून घ्या. पासपोर्टवर एक आणि रजिस्टरवर दुसरं असं ठेवू नका.

ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाची लागते, कॉलेजच्या लेटरहेडवरची चालत नाही. तुमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असो की लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी, अर्ज आताच टाका. सोबत अभ्यासक्रमाची प्रतही विद्यापीठाचा शिक्का मारून घ्या. ज्यांनी डी. फार्म. करून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला, त्यांनी डिप्लोम्याच्या गुणपत्रिकाही जोडायलाच हव्यात, नाहीतर चार वर्षांची पदवी तीन वर्षांत कशी झाली असा प्रश्न येतो.

आणि मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. आपल्याकडे आईवडील प्रेमाने करून ठेवतात. त्यावर पुढे कुठलाही शिक्का मारता येत नाही, मग दुय्यम प्रत काढावी लागते. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करायचं का, कोणत्या कागदाला करायचं, हे जिथे अर्ज करायचा त्या संस्थेच्या यादीत पाहा. भारत २००५ पासून अपोस्टिल व्यवस्थेत आहे, त्यामुळे ते अवघड नाही. पण एजंट सांगतो म्हणून सरसकट सगळ्या कागदांना पैसे घालण्यात अर्थ नाही.

एका विषयावर मला स्पष्ट बोलायचं आहे. नोंदणी झाली की गावातलं कुणीतरी विचारेल, "सर्टिफिकेट आमच्या दुकानात लावतेस का? महिन्याला पैसे देतो, यायची गरज नाही." हे सर्रास चालतं हे मला माहीत आहे, तुमच्या वर्गातल्या काहींनी लावलंही असेल. लावू नका. फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय औषध देणं हा कायद्याचा भंग आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत दुकान सापडलं तर तुमच्या नावावर कारवाई होते. ती कारवाई गुड स्टँडिंगच्या पत्रात उतरते. त्याहून वाईट म्हणजे त्या दुकानाचं अनुभवाचं खोटं पत्र. त्यातल्या तारखा कॉलेजच्या हजेरीशी किंवा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी भिडतात, आणि तपासणारे नेमकं तेच पाहतात. ब्रिटनमध्ये प्रामाणिकपणा हा व्यवसायाच्या पात्रतेचा भाग मानतात. खोटं पत्र सापडलं तर कितीही हुशार असलात तरी दार बंद होतं. त्यापेक्षा निघेपर्यंतचे सहा-आठ महिने एखाद्या चांगल्या मेडिकलमध्ये किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीत खरंखुरं उभं राहा. पगार कमी मिळेल, पण प्रिस्क्रिप्शन वाचायची सवय आणि पेशंटशी बोलायची भीड मोडणं, या दोन्हींचा तिकडे रोज उपयोग आहे.

आता ब्रिटनचा रस्ता. भारतीय बी. फार्म.साठी तो ओएसपॅप नावाच्या अभ्यासक्रमातून जातो. हा एका शैक्षणिक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टांसाठीच आखलेला. ब्रायटन, सुंदरलँड, हर्टफर्डशायर, बर्मिंगहॅमचं ॲस्टन अशा मोजक्याच विद्यापीठांत तो चालत आला आहे. प्रवेश घेण्यापूर्वी जीपीएचसीच्या चालू मान्यता यादीत नाव आहे ना हे स्वतः पाहा. हजेरी सक्तीची असते, त्यामुळे मँचेस्टरला संसार आणि सुंदरलँडला वर्ग अशी वेळ आली तर आठवड्यातून काही दिवस तिकडे राहायची तयारी ठेवा. नवऱ्याशी हे आधीच बोलून घ्या. फी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने लाखांत जाते.

इंग्रजीची अट कडक आहे. आयईएलटीएस ॲकॅडेमिकमध्ये वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही भागांत किमान ७ हवेत. सरासरी ७ नव्हे, प्रत्येकात ७. आपली मुलं बहुतेक लेखनात साडेसहावर अडकतात. पर्याय म्हणून ओईटी ही आरोग्य क्षेत्राची इंग्रजी परीक्षा आहे, तिच्यात प्रत्येक भागात बी श्रेणी लागते. ज्यांना निबंध जमत नाही पण रेफरलचं पत्र लिहिता येतं, त्यांना मी ओईटीच सुचवते.

ओएसपॅपनंतर फाउंडेशन ट्रेनिंगचं वर्ष. पूर्वी याला प्री-रेजिस्ट्रेशन म्हणत, २०२१ पासून नाव बदललं. ५२ आठवडे, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली, दर तेरा आठवड्यांनी प्रगतीचा लेखी आढावा. ३९ आठवड्यांचा आढावा समाधानकारक असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. जागा मिळवण्यासाठी ओरिएल नावाच्या राष्ट्रीय ऑनलाइन यंत्रणेतून अर्ज करायचा, तोही प्रशिक्षण सुरू व्हायच्या साधारण वर्षभर आधी. म्हणजे ओएसपॅप सुरू होतो न होतो तोच, किंवा त्याच्याही आधी, हा विचार करावा लागतो. बरेच जण आधी पास होऊ, मग बघू म्हणतात आणि एक वर्ष हातातून घालवतात. ओएसपॅप पास होणं आणि प्रशिक्षणाची जागा मिळणं यांचा एकमेकांशी काही करार नाही. विद्यापीठ जागा मिळवून देत नाही. एजंट "पॅकेज"मध्ये जागा देतो म्हणत असेल तर तिथूनच मागे फिरा.

इथे तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, जी तुमच्या लक्षात आली नसावी. बाहेरून आलेल्या उमेदवाराला प्रशिक्षणाच्या वर्षासाठी व्हिसा प्रायोजित करणारा मालक शोधावा लागतो, आणि छोट्या फार्मस्यांकडे तो परवानाच नसतो. चांगली मुलं केवळ यामुळे अडकतात. तुम्ही नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबित म्हणून आलात तर तुम्हाला काम करायची मुभा असते, मालकाला प्रायोजक व्हावं लागत नाही. अर्जात ही गोष्ट ठळकपणे लिहा. मात्र त्याच्या व्हिसाची मुदत तुमच्या ओएसपॅप अधिक प्रशिक्षणाच्या काळाला पुरते का, हे आताच मोजून पाहा.

प्रशिक्षणाच्या वर्षात नेमकं काय बदलतं ते सांगते, कारण "मला सगळं येतं, फक्त कागद हवाय" या भावनेने येणाऱ्यांना हे वर्ष जड जातं. आपला अभ्यासक्रम फार्मास्युटिक्स आणि केमिस्ट्रीत भक्कम आहे. टॅब्लेट कशी बनते हे तुम्हाला ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. काउंटरवर मात्र वेगळं विचारलं जातं.

समजा प्रिस्क्रिप्शन आलं: प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या, रोज ३० मिलिग्रॅम ७ दिवस, मग दर ३ दिवसांनी ५ मिलिग्रॅमने कमी करत बंद. किती गोळ्या? पहिल्या आठवड्यात रोज ६, म्हणजे ४२. पुढे ५, ४, ३, २, १ अशा तीन-तीन दिवस: १५, १२, ९, ६, ३, मिळून ४५. एकूण ८७. खोकं २८ गोळ्यांचं, म्हणजे तीन पूर्ण खोकी आणि वर ३ गोळ्या. इथपर्यंत गणित झालं. पुढे लेबल: "बीडी" (दिवसातून दोनदा), "टीडीएस" (तीनदा) असलं काही नाही, किती गोळ्या, कधी, किती दिवस हे साध्या इंग्रजीत. मग पेशंटशी बोलणं: सकाळी एकदम घ्या, नाहीतर रात्री झोप लागणार नाही; खाल्ल्यावर घ्या; बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका. मधुमेह आहे का? रक्त पातळ करायचं काही औषध चालू आहे का? स्टिरॉइड वारंवार घ्यावं लागतंय का, आणि तसं असेल तर सोबत ठेवायचं कार्ड दिलंय का? समोरचा माणूस सत्तरीचा, ऐकायला कमी येणारा, आणि मागे रांग. माझ्या प्रशिक्षणार्थींपैकी गणितात कुणी सहसा चुकत नाही. प्रश्न विचारायला मात्र सुरुवातीला सगळेच कचरतात, कारण आपल्याकडे "डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग द्यायचं" अशी सवय लागलेली असते. इथे डॉक्टरचा डोस चुकीचा वाटला तर फोन उचलून विचारणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि न विचारता दिलंत तर चूक तुमचीही धरतात.

कायदाही नव्याने शिकावा लागतो. प्रिस्क्रिप्शनच्या औषधांच्या आपल्या याद्या, म्हणजे शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स, इथे उपयोगी नाहीत. इथे औषधांचे तीन गट: फक्त प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी, फार्मासिस्टच्या देखरेखीत मिळणारी, आणि कुठल्याही दुकानात मिळणारी. मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांचं प्रिस्क्रिप्शन २८ दिवसच चालतं, साधं सहा महिने. अशा औषधाचं एकूण प्रमाण अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहिलेलं हवं. फार्मसी उघडी असताना त्या दिवसाच्या जबाबदार फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, आणि तो माणूस खरोखर तिथे असतो. दिवसभरात जास्तीत जास्त दोन तास बाहेर राहायची सूट आहे. वर सर्टिफिकेट लावण्याबद्दल इतकं कळकळीने लिहिलं ते म्हणूनच.

नोंदणीची परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरमध्ये, संगणकावर होते. पहिल्या भागात ४० गणितं, दोन तास, कॅल्क्युलेटर चालतो, पण पर्याय नसतात. उत्तराचा आकडा स्वतः टाकायचा. दुसऱ्या भागात १२० बहुपर्यायी प्रश्न, अडीच तास. दोन्ही भाग एकाच वेळी पास व्हावे लागतात आणि एकूण तीनच संधी मिळतात. त्यामुळे "एकदा बसून बघू" असं करू नका. ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी, म्हणजे बीएनएफ हा औषधांचा संदर्भग्रंथ, ओएसपॅपच्या पहिल्या आठवड्यापासून रोज हाताळा. पाठ करायची नाही, कुठलं उत्तर कुठे सापडतं हे बोटांना कळलं पाहिजे. आणि ब्रँडची नावं विसरा. इथे क्रोसिन, डोलो काही नाही, सगळं पॅरासिटामोल.

अजून एक बदल चालू आहे. २०२६ पासून प्रशिक्षण संपवून नोंदणी होणाऱ्या नव्या फार्मासिस्टांना स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीसोबतच मिळावा, अशी नवी घडी बसवली जात आहे. ओएसपॅपमधून येणारी तुमची तुकडी त्यात कशी बसते, हे प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाकडून लेखी घ्या. पुढच्या नोकरीच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे.

एकूण काळ? इंग्रजीची परीक्षा, ओएसपॅप, प्रशिक्षण, परीक्षा, सगळं वेळच्या वेळी जमलं तरी तीन वर्षं धरा.

आता नातेवाइकांच्या कॅनडाबद्दल. कॅनडा सोपं नाही, वेगळं आहे. तिथे पीईबीसी नावाचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ आधी कागद तपासतं, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग: एक लेखी, आणि दुसरा प्रत्यक्ष, ज्यात नट-नट्या पेशंट बनून समोर बसतात आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायचं. हे झाल्यावर ज्या प्रांतात राहायचं त्या प्रांताच्या 'कॉलेज'ची, म्हणजे तिथल्या नोंदणी संस्थेची, कायद्याची परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचं मूल्यमापन वेगळं. क्युबेकची वाट स्वतंत्र, आणि तिथे फ्रेंच हवं. कॅनडाची एक सोय अशी की कागद तपासणीसारखे सुरुवातीचे टप्पे भारतात बसून करता येतात, वर्षाची विद्यापीठाची फी आधी भरावी लागत नाही. एकटी, कुठेही जायला मोकळी मुलगी असती तर मी तिला दोन्हींचा विचार करायला सांगितलं असतं. नवरा मँचेस्टरला असताना टोरांटोची परीक्षा देण्यात मला काही हशील दिसत नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी झाली म्हणून कॅनडात आपोआप होत नाही, आणि उलटही नाही.

अमेरिका तुमच्यासाठी बंद आहे असंच समजा. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना तिथे किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो; आपलं बी. फार्म. चार वर्षांचं. २००८ पासून भारतात सुरू झालेलं सहा वर्षांचं फार्म. डी. केलेल्यांना ती वाट आहे. ऑस्ट्रेलियात आधी ज्ञानाची परीक्षा, जी पूर्वी केएपीएस होती आणि २०२५ पासून ओपीआरए झाली, मग १५७५ तासांचं देखरेखीखालचं काम, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. आखातात डेटाफ्लो नावाच्या कंपनीमार्फत कागदांची मूळ संस्थेकडे पडताळणी होते, संगणकावर परवाना परीक्षा होते, आणि खरा अनुभव मोजतात. दुबई आणि अबू धाबीचे परवाने वेगवेगळे.

तुमच्यापुरतं या महिन्यापासून करायचं ते असं: राज्य कौन्सिलच्या नोंदणीचा अर्ज, विद्यापीठाकडे ट्रान्सस्क्रिप्ट, पासपोर्टवरचं नाव पदवीशी जुळतं का याची तपासणी, आणि आयईएलटीएस किंवा ओईटीची तयारी. ही चारही कामं एकाच वेळी चालू शकतात. इंग्रजीचा निकाल हाती आला की ओएसपॅपचा अर्ज. लग्नाची तारीख आणि विद्यापीठाच्या प्रवेशाची तारीख एकत्र बसवून पाहा. बहुतेक अभ्यासक्रम शरद ऋतूत सुरू होतात आणि जागा त्याच्या बऱ्याच आधी भरतात.

ब्रिटनची नोंदणी झाली तरी महाराष्ट्रातली सोडू नका. फी वेळेत भरली नाही की नाव रजिस्टरवरून निघतं, आणि आईवडिलांसाठी दोन वर्षं परत यावं लागलं तर ते नाव पुन्हा चढवण्यात वेळ जातो. कौन्सिलकडे असलेला पत्ता, फोन आणि ईमेल जाण्यापूर्वी बदलून घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख घरच्या एका माणसाला सांगून ठेवा.